घरचा देव्हारा आणि रविवारची मिस्सा

घरातल्या एकाने ख्रिस्ताला मानले आणि बाकीच्यांनी मानले नाही, तर भांडण त्रैक्यावरून होत नाही. रविवारी सकाळी हा जातो कुठे, आरतीला उभा राहूनही टाळ्या का वाजवत नाही, सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन बाजूला का ठेवला, यावरून ते होते. पुढे लग्न कुठे लावायचे, नातवाचे नाव कोणी ठेवायचे आणि शेवटी राख कुठे जायची, इथपर्यंत ते पोचते. आणि त्यातही कॅथलिक पंथ पाळणाऱ्याची अडचण इतर ख्रिस्त्यांपेक्षा जास्त असते. बायबल उशाशी ठेवून मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्याला घरात कोणी अडवू शकत नाही. कॅथलिकाला मात्र ठरल्या दिवशी वेदीसमोर, मिस्सेच्या उपासनेला, हजर व्हावे लागते, फादरांपुढे गुडघे टेकून पाप सांगावे लागते, ठरल्या दिवशी उपास धरावा लागतो. त्याचा धर्म देहाने आणि घड्याळाच्या काट्यावर पाळायचा आहे, म्हणून तो घरातल्यांना दिसतो.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी, सुमारे १० लाख ८० हजार. नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून वेगळा निघाला तो १९८७ साली. नाशिक, नगर, धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे पाच जिल्हे त्यात येतात, आणि थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत येशूसंघीय फादर १८७८ च्या सुमारास उतरले. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षे तिथे अमेरिकन मराठी मिशन काम करत होते. त्यामुळे या पट्ट्यात एकाच आडनावाच्या भावकीत एक घर प्रॉटेस्टंट, एक रोमन कॅथलिक, एक १९५६ नंतर बौद्ध आणि एक हिंदूच राहिलेले, असे सर्रास आढळते. नाशिकरोड आणि देवळालीकडे नोकरीनिमित्त आलेली गोव्याची, मंगळूरची, दक्षिणेतली कॅथलिक घरे वेगळी. म्हणजे ‘न पटणारे कुटुंब’ इथे एका प्रकारचे नाही. कुठे ब्राह्मण-मराठा घरातली सून आहे, कुठे आंबेडकरी घरातला मुलगा, कुठे अमेरिकन मिशनच्या घरात रोमन पद्धतीचे लग्न करून आलेली मुलगी. आणि अलीकडे, कॅथलिक घरातच वाढून जुन्या लॅटिन मिस्सेकडे ओढला गेलेला आणि त्यावरून आईबापांशी वाद घालणारा तरुण.

या सगळ्या प्रकारांत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. घर की वेदी असा पेच पडला म्हणून जिथे सांगितले जाते, तिथे बहुतेक वेळा चर्चने बंधनकारक केलेली गोष्ट आणि भक्ताने उत्साहाने अंगावर घेतलेली गोष्ट यांची गल्लत झालेली असते. बंधनकारक थोडे आहे, पण ते सोडता येत नाही. उरलेले पुष्कळ आहे, आणि त्यात घराला जागा करून देता येते.

या प्रश्नावर मराठीत जे सर्वांत मोलाचे लिहिले गेले ते कॅथलिक घरातले नाही, पण ते नाशिकचे आहे, आणि ते न पटणाऱ्या माणसाने लिहिले आहे. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरात जन्मल्या. वडिलांचे सोवळे इतके कडक की ते व्याधीच्या पातळीवर गेलेले. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्यांनी आधी विश्वासात घेतले नव्हते. त्यानंतरची चार-पाच वर्षे हे जोडपे वेगळे राहिले. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांच्या आश्रयाने पंढरपूरला होत्या.

त्या काळी टिळकांपुढे कायद्याची एक वाट उघडी होती. १८६६ च्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या हिंदू जोडीदाराने धर्मांतरामुळे सोडले, तर काही मुदतीनंतर न्यायालयातून लग्न मोडून घेता येत होते. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे आल्या तेव्हाही सोवळेओवळे सांभाळून आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी ती वेगळी चूल मान्य केली. मला त्यांच्या सगळ्या चरित्रात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते, ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या महाकाव्याच्या आरंभापेक्षाही मोठी. ज्याला नवे सत्य सापडल्याची खात्री आहे, त्याने आपल्याच घरात बायकोचा आपल्याशी न जुळणारा आचार रोज डोळ्यांदेखत चालू द्यायचा, याला केवळ सहनशीलता पुरत नाही. समोरच्याच्या मनातही देव आपल्या गतीने काम करतो, असा विश्वास लागतो.

आणि झाले कसे ते पाहण्यासारखे आहे. लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी जात गळाली. कोणाच्याही हातचे पाणी प्यायला हरकत नाही, हे त्यांनी एका प्रवासात स्वतःशी ठरवले. तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, तो १९०० साली झाला. म्हणजे नवरा-बायकोत जे आडवे आले होते ते पाण्याचे होते. ते दूर झाल्यावर धर्माचा विचार त्यांना मोकळेपणाने करता आला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये नाशिकलाच वारल्या, आणि टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्णत्वाला नेले. घरातल्यांना पटत नाही म्हणून खचणाऱ्या कुठल्याही नवख्रिस्त्याने हे पुस्तक वाचावे, आणि ते टिळकांच्या बाजूने वाचू नये. लक्ष्मीबाईंच्या बाजूने वाचावे. आपण ज्याला सत्याची ओढ म्हणतो, ते मागे राहिलेल्या माणसाला बेपर्वाई कसे वाटते, हे त्यात कळते.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात याबद्दल स्पष्ट सूचना आहे. जोडीदार विश्वास ठेवणारा नसला तरी नांदायला राजी असेल, तर त्याला सोडू नये. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर शब्दांवाचून, वागणुकीने मन जिंकण्याचा सल्ला आहे. चर्चच्या कायद्याने पुढे याच अध्यायावरून पौलाची मुभा म्हणून ओळखली जाणारी तरतूद काढली: अबाप्तिस्मित जोडीदार निघून गेला किंवा शांततेने राहू देत नसला तर बाप्तिस्मा झालेल्याला दुसरे लग्न करता येते. पण तरतुदीचा क्रम ध्यानात घ्यायला हवा. आधी राहायचे, सोडून जायचेच असेल तर ते समोरच्याने.

आता बंधनकारक काय ते पाहू. रविवारी आणि ठरलेल्या सणांना मिस्सेला जायचे. शनिवारी संध्याकाळची मिस्साही चालते, हे अनेकांना माहीत नसते. सकाळी घरात पूजा, पाहुणे, सासूबाईंचा डॉक्टर असेल तर शनिवारची संध्याकाळ ही मोठी सोय आहे. तान्हे मूल, आजारी माणूस किंवा तितकेच गंभीर कारण असेल तर बंधन लागू होत नाही. आणि धर्मग्रामाच्या फादरांना योग्य कारणासाठी कोणाला सूट देण्याचा किंवा त्याऐवजी दुसरे पुण्यकर्म सांगण्याचा अधिकार आहे. ज्या मुलीला रविवारी घराबाहेर पडूच देत नाहीत तिने पाप लागले म्हणून रडत बसू नये. फादरांना गाठून हे सांगावे, घरी त्या दिवसाचे शास्त्रवाचन आणि प्रार्थना करावी. जायला जमत नसेल तेव्हा हेच करा, असे चर्चचा कायदाच आग्रहाने सांगतो. वर्षातून एकदा गंभीर पापांचे निवेदन, पास्काच्या काळात एकदा तरी ख्रिस्तप्रसाद. पूर्ण उपास वर्षातून फक्त दोन दिवस: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार, तोही अठरा ते साठ या वयात. मांसवर्ज्य शुक्रवारचे, आणि त्यातही त्या त्या देशाच्या बिशपांना पर्याय ठरवता येतात.

एवढेच. रोजची मिस्सा, पाच दशकांची जपमाळ, नऊ शुक्रवार, नोव्हेना, चाळीस दिवसांचा कडक उपास हे सगळे सुंदर आहे, संतांनी जपलेले आहे, पण ते न केल्याने कोणी चर्चच्या बाहेर पडत नाही. नवा माणूस मात्र पहिल्या वर्षी हे सगळे एकदम अंगावर घेतो आणि घराला वाटते, पोर हातचे गेले.

उपासाच्या बाबतीत तर मराठी घर कॅथलिक आचाराला अडवत नाही, उलट सावरते. आपल्याकडे एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार यांची सवय स्वयंपाकघराला आहे. शाकाहारी घरात मांसवर्ज्य शुक्रवारचा प्रश्न उद्भवत नाही, आणि मांसाहारी घरातही आठवड्यातून एखाद्याचा वार असणे हे कोणालाच नवे नाही. फरक एक आहे. आपला उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळी: काही पदार्थ वर्ज्य आणि काही चालतात. कॅथलिक उपास म्हणजे दिवसात एकदा पोटभर आणि बाकी दोन वेळा थोडेसे, पदार्थ कुठलाही (मांस सोडून). राखेच्या बुधवारी आईने प्रेमाने खिचडीची ताटली पुढे केली तर ती नाकारण्याचे कारण नाही. तेच त्या दिवसाचे एक जेवण समजावे. आईला आपला उपास कळला आणि तिने त्याला हातभार लावला, याहून जास्त कोणते सहकार्य हवे?

प्रसादाचा आणि आरतीचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही, आणि तो सोपा आहे असे सांगणाऱ्या दोन्ही बाजूंवर माझा विश्वास नाही. पौल त्याच पत्रात सांगतो की बाजारात विकले जाते ते आणि कोणी घरी बोलावून वाढले ते खुशाल खावे, चौकशी करत बसू नये. पण समोरच्याने मुद्दाम सांगितले की हे मूर्तीला वाहिलेले आहे, तर खाऊ नये, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनासाठी. नाशिकच्या घरात हा नियम लावायचा तर अडचण ही की प्रसाद हा प्रसाद म्हणूनच हातावर येतो. म्हणून बहुतेक फादर नम्रपणे न घेण्याचा सल्ला देतील, काही जण आईच्या मनाचा विचार करतील. मला यात निर्णायक वाटते ते घरातल्यांना त्या कृतीचा अर्थ काय लागतो हे. प्रसाद घेतला म्हणजे ‘हा परत आपल्यात आला’ असा अर्थ घर लावणार असेल, तर न घेणेच प्रामाणिक. पण शेजारच्या आजीने कोणी आजारी असताना शिरा आणून दिला आणि त्यात कसलीच परीक्षा नसेल, तर तो शिरा आहे. जुन्या करारातला सेनापती नामान अलीशाला विचारतो की माझा राजा रिम्मोनच्या देवळात माझ्या हातावर भार देऊन वाकतो तेव्हा मलाही वाकावे लागते, याची क्षमा होईल का, आणि संदेष्टा त्याला शांतीने जा म्हणतो. वयस्क वडिलांना त्र्यंबकेश्वरच्या पायऱ्या हात धरून चढवणाऱ्या मुलाने ही कथा वाचावी. वडिलांना देवळापर्यंत नेणे ही सेवा आहे. अभिषेकाला संकल्पात स्वतःचे नाव घालणे ही पूजा आहे. घराला हा फरक एकदा शांतपणे, सण नसताना सांगून ठेवावा. गणपतीच्या दिवशी आरती चालू असताना नव्हे.

चर्चलाही ही रेषा कुठे ओढायची ते कधीच एकदम कळले नाही. फादर रॉबर्ट डी नोबिली यांनी मदुराईत ब्राह्मण ख्रिस्त्यांना जानवे, शेंडी, गंध आणि स्नान ठेवू दिले, आणि १६२३ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी त्याला मान्यता दिली. पुढे वाद वाढला आणि १७४४ मध्ये रोमने बरेच काही बंद केले, मिशनऱ्यांना शपथ घ्यायला लावली. ती शपथ उठायला १९४० उजाडले. १९६९ मध्ये भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून मिस्सेत मांडी घालून बसणे, पंचांग प्रणाम, आरती, समई अशा बारा गोष्टींना परवानगी मिळाली. म्हणजे समई पेटवली म्हणून कोणी हिंदू होत नाही, आणि ती पेटवली नाही म्हणून कोणी मराठीपणाला मुकत नाही, हे ठरायला साडेतीनशे वर्षे लागली. घरातल्या माणसांना ते एका दिवाळीत कळावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे.

इथे आणखी एक गोष्ट कॅथलिक माणसाने स्वतःहून मान्य केली पाहिजे. घरच्यांच्या भीतीला इतिहासाचा आधार आहे. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात धर्मन्यायसभा (इन्क्विझिशन) होती. १७३६ च्या तिच्या फर्मानाने ख्रिस्ती घरांत तुळस लावण्यापासून धोतर-चोळी नेसण्यापर्यंत किती गोष्टींवर बंदी घातली! त्या काळी न पटणाऱ्या कुटुंबात लपून आपला आचार पाळणारा माणूस हा तुळशीला पाणी घालणारा ख्रिस्ती होता. १८५८ मध्ये बोलोन्यात एडगार्डो मोर्तारा नावाच्या ज्यू मुलाला, मोलकरणीने लहानपणी गुपचूप बाप्तिस्मा दिला होता म्हणून, पोपच्या शिपायांनी आईबापांकडून काढून नेले. उलट बाजूनेही घरे दुभंगली: १९२८ मध्ये विनायक महाराज मसूरकरांनी गोव्यातल्या गावडा समाजातल्या हजारो ख्रिस्त्यांचे शुद्धीकरण केले, तेव्हाही एकाच वाड्यावर दोन धर्म झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून श्रद्धेत जबरदस्ती नाही असे निःसंदिग्धपणे म्हटले. परंपरावादी कॅथलिकांतल्या काहींना तो जाहीरनामा खुपतो. न पटणाऱ्या कुटुंबात राहणाऱ्या कॅथलिकाला मात्र तो सगळ्यांत जास्त उपयोगी आहे, कारण ज्या तत्त्वावर तो घरच्यांकडे मोकळीक मागतो तेच तत्त्व त्याच्या चर्चने स्वतःला लावून घेतले आहे.

घरच्या विरोधाचे दुसरे कारण कागदांत असते, आणि ते अगदी खरे असते. याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्या परंपरेतल्या घराला धर्मांतराचे वावडे नाही. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती बाहेरच आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढावी असे सुचवले, ते झाले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती आचार पाळणाऱ्या अर्जदाराचा हिंदू अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. म्हणून थोरला भाऊ ‘नोकरी लागेपर्यंत थांब’ म्हणतो तेव्हा तो श्रद्धेचा शत्रू नसतो, घराचा हिशेब पाहत असतो. पेठ, सुरगाणा, कळवण भागातल्या आदिवासी घरांत हा पेच नाही, कारण अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. तिथे विरोध गावकीचा आणि देवकाचा असतो.

कागदावर एक आणि मनात एक ठेवून जगणाऱ्यांना मी दोष देऊ शकत नाही. ही अट अन्यायाची आहे असे माझे ठाम मत आहे. पण संत थॉमस अॅक्विनास यांनी केलेला भेद इथे कामाचा आहे: श्रद्धा प्रत्येक वेळी, प्रत्येकापुढे जाहीर करण्याचे बंधन माणसावर नाही, मात्र विचारल्यावर ती नाकारता येत नाही. गप्प राहणे वेगळे आणि शपथपत्रावर खोटे लिहिणे वेगळे. ज्याला दर्जा हवाच आहे त्याने बाप्तिस्मा लांबवावा आणि तोवर धर्मशिक्षणार्थी म्हणून राहावे. बाप्तिस्मा घेऊन तो लपवण्यापेक्षा हे बरे.

मालमत्तेबद्दल घराघरांत चुकीच्या धमक्या चालतात. धर्म बदलला म्हणून स्वतःचा वारसाहक्क जात नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे अडचण येते ती धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांची, तीही वारसा उघडतो तेव्हा ती हिंदू नसतील तर. मात्र हिंदू विवाह कायद्याखाली जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाला पुरेसे कारण आहे, आणि धर्मांतर केलेली पत्नी १९५६ च्याच दत्तक व पोटगीच्या कायद्याखालचा निर्वाहाचा हक्क गमावते. हे फादरांनी आधी सांगायला हवे. बाप्तिस्म्याच्या तयारीत दहा आज्ञांइतकेच याला महत्त्व आहे, कारण स्त्रीच्या बाबतीत किंमत तिलाच मोजावी लागते.

लग्नाचे थोडक्यात. कॅथलिकाने बाप्तिस्मा न झालेल्याशी लग्न करायचे तर बिशपांची सूट लागते, प्रॉटेस्टंटाशी करायचे तर परवानगी. चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेप्रमाणे दोन्ही पक्षांकडून मुलांना कॅथलिक वाढवण्याची हमी घेत, साधारणपणे लेखी. १९७० पासून वचन फक्त कॅथलिक व्यक्ती देते, आणि तेही आपल्याकडून होईल तितके करण्याचे. दुसऱ्याला ते केवळ कळवले जाते. नगरकडच्या जुन्या अमेरिकन मिशनच्या घरांत ‘रोमन लोक पोरे घेऊन जातात’ ही तक्रार अजून कानावर येते, ती त्या जुन्या नियमाची आठवण आहे. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यायचा तर आईबापांपैकी निदान एकाची संमती हवी आणि ते मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा हवी. आजीने हळूच पाण्याचे चार थेंब टाकणे हे यात बसत नाही.

घरच्यांशी वाद घालणारा कॅथलिक घरातलाच तरुण हा वेगळा विषय आहे. १५७० ची लॅटिन मिस्सा, १९६९ मध्ये आलेली नवी मिस्सा, २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी जुनीला दिलेली मोकळीक आणि जुलै २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आवळणे, हा सगळा घटनाक्रम त्याला पाठ असतो. ती मिस्सा आपल्याकडच्या बहुतेक मुलांना प्रथम पडद्यावर भेटते, आणि तिचे गांभीर्य त्यांना खेचते. त्या ओढीला मी हसणार नाही, मौनाची भूक खरी आहे. पण त्यातले जे त्याला हवे ते बरेचसे भांडणाशिवाय मिळते. ख्रिस्तप्रसाद जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. गुडघे टेकले म्हणून तो नाकारता येत नाही, हे रोमने २००४ मध्ये लिहून दिले आहे. मुलीने डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यावी, १९८३ च्या संहितेत ते सक्तीचे नाही आणि मनाईही नाही. मराठी घराला तर पदर परका वाटू नये. ज्या क्षणी तो आईला सांगतो की तुझी मराठी मिस्सा खरी नाही, त्या क्षणी मात्र तो परंपरेच्याच नव्हे तर चर्चच्याही विरोधात जातो. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० मध्ये स्थापन केलेला संघ १९८८ मध्ये रोमच्या आज्ञेबाहेर चार बिशप नेमून तुटला, तो याच उतारावरून.

आणि परंपरा म्हणायचे तर या मातीतली परंपरा लॅटिनपुरती कधीच नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले आणि ते १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले, ट्रेंटची परिषद संपून तेव्हा अवघी पन्नासेक वर्षे झाली होती. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला चालत जाणारी खेड्यातली बाई परंपरावादी हा शब्द कधी उच्चारत नाही, पण नवस, अनवाणी चालणे, मेणबत्ती आणि जपमाळ यांत तिने जे सांभाळले आहे ते कुठल्याही पुस्तकी परंपरेहून कमी नाही. मुलाने आईचा धर्म आधी नीट पाहावा.

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरात फेब्रुवारीच्या यात्रेला जी गर्दी होते तिच्यात ख्रिस्ती नसलेले लोक मोठ्या संख्येने असतात. त्यांतले काही जण वर्षानुवर्षे येतात, प्रार्थना करतात, आणि घरासाठी बाप्तिस्मा घेत नाहीत. त्यांना भित्रे म्हणण्याची घाई करू नये. कॅथलिक शिकवणीप्रमाणे बाप्तिस्म्याची इच्छा बाळगून, पश्चात्तापाने आणि प्रेमाने जगणारा धर्मशिक्षणार्थी बाप्तिस्म्याआधी वारला तरी त्याच्या तारणाची खात्री आहे. मरणाच्या प्रसंगी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू असेल तर तो देणारा हिंदू असला तरी चालतो. म्हणून सतरा वर्षांच्या मुलाने घर सोडून पळण्याचे कारण नाही. अठरा पूर्ण झाल्यावर श्रद्धेचा निर्णय त्याचा स्वतःचा आहे, प्रौढ व्यक्तीचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हादियाच्या खटल्यात उचलून धरला. तोवरचा काळ धर्मशिक्षणात घालवला तर तो वाया जात नाही.

शेवटचा प्रश्न खास नाशिकचा. रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी देशभरातून लोक येतात. इथल्याच एखाद्या हिंदू मुलाने, ख्रिस्ती होऊन वारलेल्या आपल्या आईच्या अस्थी गोदावरीत सोडू नयेत, हे त्याला सांगायचे कोणी आणि कधी? चर्चने दहनाला १९६३ पासून परवानगी दिली आहे, तेव्हा दफन की दहन यावर भांडण्याची गरज नाही. स्मशानात मुलगा अग्नी देऊ शकतो, त्याआधी घरी किंवा चर्चमध्ये फादर प्रार्थना करू शकतात, बाप्तिस्म्याची वाट पाहणाऱ्यालाही ख्रिस्ती अंत्यविधी मिळतो. पण राख पाण्यात सोडायला २०१६ च्या सूचनेने मनाई आहे, ती दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवायची. मुलाला आईचे ऋण फेडल्यासारखे वाटायला नदी लागते आणि आईच्या श्रद्धेला पुनरुत्थानाची वाट पाहणारी जागा लागते. दोन्ही गोष्टी एकाच कलशाच्या असतात. मुलाने रामकुंडावर जाऊन स्नान करावे, आईच्या नावाने अन्नदान करावे, आणि कलश दफनभूमीत ठेवावा, असा मार्ग निघू शकतो. मात्र तो तिने हयातीत, स्वतःच्या हाताने लिहून आणि मुलाला समोर बसवून सांगितला तरच निघतो. धर्मग्रामांनी हे प्रत्येक नवख्रिस्त्याला बाप्तिस्म्याच्या वर्षातच लिहायला लावावे, एक प्रत चर्चमध्ये ठेवावी आणि एक घरी देवघराच्या कपाटात ठेवायला सांगावी. ती वाचायची वेळ आली म्हणजे कोणाला तरी जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभे राहून भावाशी भांडावे लागणार नाही.